"मावशी, ४.१० टाकू का?"

डेट्रॉइटच्या आसपास जुन्या मस्टँग-कॅमॅरोवाल्यांच्या घोळक्यात उभं राहिलं की इंजिनाची अश्वशक्ती विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असतो : "मागे काय आहे?" मागे म्हणजे डिकीत नव्हे, मागच्या ॲक्सलमध्ये. उत्तरही नुसता आकडा. "थ्री सेव्हन्टीथ्री." "फोर टेन." ऐकणारा मान हलवतो, आणि आकडा मोठा असला की जरा जास्तच हलवतो. ही मान हलवण्याची तऱ्हा मला बरीच वर्षं खटकत आलीय. कारण तो आकडा एकट्याने काहीच सांगत नाही, आणि तरीही लोक त्या एकट्या आकड्यावर हजार-पंधराशे डॉलर खर्चून मोकळे होतात.

मी मूळची सांगलीची. तिथे मेकॅनिकल केलं, मिशिगनमध्ये ट्रॉय गावी येऊन स्थिरावले, आणि आजवर गिअरच्या दातांवरच पोट भरलंय. नोकरीत ट्रकांचे गिअर, सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्यांच्या हौशी गाड्यांचे. नवऱ्याच्या मते मी गाडीत बसल्यावर आधी मागच्या बाजूने घूं-घूं येतंय का ते ऐकते आणि मग पट्टा लावते. त्यात तथ्य आहे.

आधी तो आकडा काय आहे ते बघू. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशी गाडी असली की गिअरबॉक्समधून निघालेला लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि ॲक्सलच्या मधोमध असलेल्या फुगीर हौसिंगमध्ये शिरतो. त्याच्या टोकाला असतो लहान पिनियन. तो फिरवतो मोठ्या क्राऊनला, आणि क्राऊन फिरला की दोन्ही बाजूंची चाकं फिरतात. आपल्याकडच्या ट्रक-गॅरेजमध्ये ही जोडी 'क्राऊन-पिनियन' याच नावाने ओळखली जाते, त्यामुळे मीही तेच म्हणेन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागा, झाला तुमचा रेशो. ४१ दातांचा क्राऊन आणि ११ दातांचा पिनियन म्हणजे ३.७३. तोच क्राऊन पण पिनियन १० दातांचा, की ४.१०. पिनियन १५ दातांचा, की २.७३.

लोक विचारतात, हे असले वेडेवाकडे आकडे कशाला, सरळ चार का नाही? याचं उत्तर मला फार आवडतं. ४० आणि १० घेतले तर पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या ठरावीक चारच दातांना आयुष्यभर भेटत राहील. एखाद्या दाताला जरा खोट असली तर ती त्याच चौघांना खात बसेल, आणि गाडी एका लयीत घुमायला लागेल. ४१ ही मूळ संख्या. तिला १० ने भाग जात नाही, ११ नेही नाही. त्यामुळे प्रत्येक दात फिरत फिरत समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

आता ३.७३ चा अर्थ : शाफ्टचे पावणेचार फेरे झाले की चाकाचा एक. आकडा मोठा केला की इंजिनाचा जोर चाकापाशी तितक्या पटीने वाढून पोचतो, पिकअप सुधारतो. त्या बदल्यात त्याच वेगाला इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात. आवाज वाढतो, ॲव्हरेज पडतं. महिंद्राने वर्षानुवर्षं परवान्यावर बांधलेली विलीसची सीजे-३बी जीप आठवा. तिचा मूळ रेशो ५.३८ होता, ४३ दात आणि ८ दात. उसाच्या शेतातला चिखल असो की घाटातली चढण, ती शांतपणे वर जायची, आणि सपाट हमरस्त्यावर साठाच्या वर नेली की आत बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. जीपसाठी तो रेशो योग्यच होता. प्रश्न आहे तो जोरकस इंजिनाच्या, पण रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीचा.

या आकड्यांभोवती जे वलय आहे ते इथल्याच रस्त्यावर तयार झालं. वुडवर्ड ॲव्हेन्यू डेट्रॉइटमधून निघून फर्नडेल, रॉयल ओक, बर्मिंगहॅम अशी गावं ओलांडत पाँटिॲकला जातो. अमेरिकेतला काँक्रीटचा पहिला मैल १९०९ साली याच रस्त्यावर, सिक्स माइल आणि सेव्हन माइल रोडच्या दरम्यान घातला गेला. १९६० च्या दशकात रात्री इथे सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या, आणि लावणाऱ्यांत मोटार कंपन्यांचे इंजिनिअरही असायचे. आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे 'ड्रीम क्रूझ' भरते. १९९५ साली फर्नडेलच्या एका फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायला ती सुरू झाली होती. आता त्या दिवशी वुडवर्डवर इतक्या गाड्या असतात की ४.१० वाले आणि २.७३ वाले सगळेच पहिल्या गिअरमध्ये सरपटतात.

त्या काळच्या गाड्यांचे रेशो वाचले की आजही हेवा वाटतो. कॅमॅरो झेड/२८ कारखान्यातूनच ३.७३ घेऊन यायची. तिचं ३०२ घनइंची इंजिन ट्रान्स-ॲम शर्यतीच्या ३०५ च्या मर्यादेत बसवलेलं, खालच्या फेऱ्यांत मवाळ आणि वर गेलं की पेटणारं. त्याला तो रेशो हवाच होता. फोर्डच्या ४२८ कोब्रा जेटला 'ड्रॅग पॅक' मागितला की ३.९१ किंवा ४.३० मिळायचा. डॉजच्या आणि प्लिमथच्या 'सुपर ट्रॅक पॅक'मध्ये डाना ६० हा दणकट ॲक्सल आणि ४.१० असायचा. पण एक गोष्ट लक्षात ठेवायची. या गाड्यांच्या गिअरबॉक्समधला सगळ्यात वरचा गिअर सरळ एकास एक होता. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणारा त्याहून वरचा गिअर, नव्हता. म्हणजे ४.१० वाली गाडी ताशी ७० मैलांनी, आपल्या हिशेबात ११३ किलोमीटरने, न्यायची तर इंजिन मिनिटाला पावणेचार हजार फेरे मारत राहायचं. तासभर तसं चालवून पाहा म्हणजे वडीलधारी माणसं गाडी विकून का टाकायची ते कळेल.

मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखलं. १९७४ च्या जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. १९७५ च्या कायद्याने कंपन्यांना सरासरी ॲव्हरेजचं बंधन घातलं : १९७८ च्या मोटारींसाठी गॅलनला १८ मैल, म्हणजे लिटरला साडेसात-पावणेआठ किलोमीटर, आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल, म्हणजे सुमारे पावणेबारा किलोमीटर. नवं इंजिन बनवायला वर्षं लागतात, पैसा लागतो. पिनियनवर चार दात वाढवायला त्या मानाने काहीच लागत नाही. कंपन्यांनी हेच केलं. मागचे रेशो उतरत उतरत तीनच्या खाली गेले. पुढे ओव्हरड्राइव्ह आला तरी ते खालीच राहिले, कारण सरकारी चाचणीत तेच सोयीचं होतं.

माझ्या भाच्याने घेतलेली १९९० ची मस्टँग एलएक्स ५.० ही त्याच जमान्याची लेक. इंजिन २२५ अश्वशक्तीचं, टॉर्क ३०० फूट-पौंड, गिअरबॉक्स पाच गिअरचा टी-५, मागे फोर्डचा ८.८ इंची ॲक्सल आणि त्यात २.७३. तो नोवायला राहतो आणि ऑबर्न हिल्सला कामाला जातो. रस्त्यावर मीठ पडेपर्यंत ही गाडी रोज काढतो. आय-६९६ आणि आय-७५ मिळून जाऊन-येऊन साठेक मैल.

मागच्या वसंतात तो जेवायला आला आणि आमटी वाढून होण्याआधीच म्हणाला, "मावशी, ४.१० टाकू का? ग्रुपमधल्या दोघांनी टाकलाय. म्हणतात, गाडीच वेगळी होते."

"होते ना. त्या दोघांचा गिअरबॉक्स कोणता?"

"एकाची ऑटोमॅटिक आहे. दुसऱ्याने सहा गिअरचा बसवलाय."

"आणि तुझा पाचाचा. मग त्यांचा आकडा तुझ्या काय कामाचा? टायरवर काय लिहिलंय ते वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. खाली जाऊन वाचून आला : २२५/६०आर१५. जेवण झाल्यावर आम्ही वहीत हिशेब मांडला. तो इथे देते, कारण रेशोची निवड हा मुळात गुणाकार-भागाकार आहे आणि तो सातवीतल्या मुलाला जमेल.

टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, तिच्या ६० टक्के म्हणजे १३५ मिलिमीटर ही भिंतीची उंची. ती वर एकदा, खाली एकदा, म्हणून २७०. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले की व्यास ६५१ आणि परीघ साधारण २.०४ मीटर. ताशी ११३ किलोमीटरला चाक मिनिटाला ९२० च्या आसपास फेरे घेतं. याला मागच्या रेशोने गुणायचं, मग गिअरबॉक्समधल्या शेवटच्या गिअरने. टी-५ चा पाचवा ०.६८ आहे. उत्तरं अशी आली : २.७३ ला १,७००. ३.०८ ला १,९२५. ३.५५ ला २,२२०. ३.७३ ला २,३३०. ४.१० ला २,५६५. वजनाने टायर किंचित दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच.

भाचा खूश झाला. "अडीच हजार म्हणजे काहीच नाही!"

खरंच फार नाही. साठच्या दशकातल्या पावणेचार हजारांपुढे तर नाहीच नाही. ओव्हरड्राइव्हने हमरस्त्याचा प्रश्न बराचसा मिटवला, हे मान्य करायला हवं. माझा आक्षेप दुसऱ्या टोकाला होता, आणि तिकडे कोणी बघत नाही.

टी-५ चा पहिला गिअर ३.३५ आहे. त्याला मागच्या रेशोने गुणलं की सिग्नलवरून निघताना इंजिनाचा जोर एकूण किती पट होतो ते कळतं. २.७३ ला ही पट ९.१, ३.०८ ला १०.३, ३.७३ ला १२.५, ४.१० ला १३.७. जुन्या मेकॅनिकांचा अंदाज असा की रस्त्यावरच्या व्ही-८ गाडीला दहाच्या अवतीभवती पुरेसं असतं. या मस्टँगमध्ये ओरिजिनल २.७३ वरसुद्धा क्लच झटक्यात सोडला तर मागची चाकं जागेवर फिरतात. मग १३.७ पट जोर कुठे जाणार? टायरच्या धुरात. शिवाय ४.१० वर साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत ताणलं तरी पहिला गिअर ताशी तीस मैलांपाशी, आपल्या पन्नास किलोमीटरपाशी संपतो. चौक ओलांडायच्या आत हात पुन्हा गिअरवर. पहिला गिअर असून नसल्यासारखा होतो, आणि आपण पाच गिअरची गाडी चार गिअरची करून ठेवतो, तेही पैसे मोजून.

पहिल्या गिअरमध्ये फायदा नसेल तर मग रेशो बदलतात तरी कशाला? दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यासाठी. तिथे टायर पकड सोडत नाहीत आणि वाढलेला जोर सगळाच्या सगळा रस्त्याला मिळतो. २.७३ वरून ३.७३ म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकापाशी ३७ टक्के जास्त जोर. इंजिन उघडून, कॅम आणि हेड बदलून ३७ टक्के टॉर्क मिळवायला काय खर्च येतो ते कुणालाही विचारा. ३.७३ वरून ४.१० ला गेलात तर मात्र आणखी जेमतेम १० टक्के.

मायलनला, म्हणजे ॲन आर्बरच्या दक्षिणेला, पाव मैलाची ड्रॅग पट्टी आहे. इथले हौशी आपली गाडी तिथे नेऊन पाहतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्यासाठी वुडवर्ड नाही. अशी मूळ स्थितीतली मस्टँग पाव मैल पंधराएक सेकंदांत काढते आणि शेवटी ताशी ९५ मैलांच्या आसपास असते. २.७३ ठेवला तर हे सगळं तिसऱ्या गिअरमध्येच उरकतं. चौथा लागतच नाही, पाचवा तर दूरच. पाचांपैकी दोन गिअर कंपनीने पेट्रोल वाचवायला ठेवलेले, म्हणून ही गाडी कागदावर जोरात आणि चालवायला सुस्त वाटते. ३.५५ वर तीच गाडी चौथ्या गिअरमध्ये ४,४०० फेऱ्यांच्या जरा वर रेघ ओलांडेल, ३.७३ वर साडेचार हजारांच्या वर, ४.१० वर पाच हजारांच्या वर. या इंजिनाची पूर्ण ताकद ४,२०० फेऱ्यांना असते आणि पाच हजारांनंतर त्याचा दम जातो. म्हणजे ४.१० वाला नेमका त्याच वेळी धापा टाकत असतो. हा हिशेब ज्याने एकदा वहीत मांडला त्याला ४.१० चं आकर्षण उरत नाही.

गंमत म्हणजे भाच्याच्या त्या दोन मित्रांचं चुकलेलं नाही. ज्याची ऑटोमॅटिक आहे त्याच्या एओडी गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.४० आहे. ४.१० ने गुणला तर ९.८, म्हणजे पुन्हा दहाच्या जवळपास. वरचा ०.६७, तेव्हा हमरस्त्यालाही त्रास नाही. सहा गिअरवाल्याकडे कॅमॅरोत यायचा तसा टी-५६ आहे. त्याचा पहिला २.६६ आणि सहावा ०.५०. ४.१० घातला तरी सहाव्यात ७० मैलांना इंजिन १,९०० च्या आत. असा गिअरबॉक्स असला की मागे जवळजवळ काहीही खपतं. आणि सत्तरच्या कॅमॅरोत टीएच-४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक असेल, पहिला २.४८ आणि वरचा सरळ एक, तर त्याला रोजच्या वापरासाठी मी ३.०८ किंवा फार तर ३.४२ च्या पुढे जाऊ देणार नाही. चारचौघांत त्याने काहीही सांगावं.

टायरचंही तसंच आहे. मोठ्या रिमची हौस म्हणून कोणी ६५१ च्या जागी ७०० मिलिमीटर व्यासाचे टायर चढवतो आणि मग म्हणतो, गाडी मेली. मरणारच. टायर साडेसात टक्क्यांनी मोठा झाला, म्हणजे ३.७३ घातलेला असला तरी तो ३.४७ सारखा वागणार. म्हणून क्रम असा असावा : आधी गिअरबॉक्स कोणता ते ठरवा, मग टायर, मग इंजिनात जे काय करायचं ते करा, आणि सगळ्यात शेवटी रेशो. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण क्राऊन-पिनियनची पेटी लगेच घरी येते.

भाच्याला मी ३.५५ सुचवला. तो म्हणाला, सगळे ३.७३ म्हणतात. वहीत बघितलं तर दोघांत पाच टक्क्यांचा फरक, हमरस्त्यावर शंभरेक फेरे. एवढ्यासाठी मावशीने हट्ट धरू नये. त्याने ३.७३ घेतला.

बसवण्याचं काम मात्र मी माझ्यासमोर करून घेतलं, आणि त्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण रेशो चुकला तर गाडी सुस्त किंवा गोंगाटी होते, पण जोडणी चुकली तर ती जोडी फेकून द्यावी लागते. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर येत नाही, तिच्या खाली येतो. हा हायपॉइड प्रकार. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरच्या ग्लिसन कारखान्याने १९२० च्या दशकात तो आणला आणि त्यामुळे गाडीखालचा शाफ्ट खाली बसला. यात दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतही सरकतात. त्यामुळे जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जमावी लागते आणि तेलही त्याच कामाचं लागतं.

आमचा मेकॅनिक दातांवर ब्रशने पिवळा लेप लावतो, हळद लावल्यासारखा पातळ. मग क्राऊनला हाताने जरा रोखून धरतो, पिनियन फिरवतो आणि दात जिथे टेकले तिथे लेप पुसला गेलेला ठसा बॅटरी मारून बघतो. ठसा दाताच्या मधोमध, अंडाकृती, कडांपासून सुटा हवा. टोकाकडे सरकलेला असेल तर पिनियनमागची शिम, म्हणजे पातळ चकती, जाड करायची, मुळाकडे गेला असेल तर पातळ. प्रत्येक वेळी बेरिंग उतरवा, शिम बदला, पुन्हा चढवा, पुन्हा लेप. भाच्याच्या ॲक्सलला दुपार गेली. दातांमधला प्ले डायल गेजने मोजला. ८.८ ला तो ०.२ ते ०.३८ मिलिमीटरच्या दरम्यान चालतो. शेवटी पिनियनचं नट. त्याच्या आत चेपून बसणारी एक नळी असते, क्रश स्लीव्ह. नट थोडं थोडं आवळत बेरिंगवर हवा तेवढाच ताण आणायचा. जास्त आवळलं गेलं तर सैल करून भागत नाही, नळी टाकायची आणि नवी घालायची. हे काम 'तासाभरात करून देतो' म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडीचा नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन असा संसार टिकत नाही. जुन्या बाजारातून घेताना तो नंबर बघा. जनरल मोटर्सच्या १२-बोल्ट ॲक्सलमध्ये आणखी एक मेख आहे : क्राऊन ज्यावर बसतो तो कॅरिअर ठरावीक रेशोंनाच चालतो. ३.७३ वरून ४.१० ला जायचं तर कॅरिअरही बदलावा लागतो आणि बिल फुगतं. फोर्डच्या ८.८ ला ही भानगड नाही.

लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक जागेवर गरगरू नये अशी ॲक्सलमधली सोय, असेल तर तेलात त्याचं खास द्रव्य घालायला विसरू नका, नाहीतर वळणावर मागून कुरकुर ऐकू येते. पहिल्या दिवशी वीसेक मैल सावकाश चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, पहिले पाचशे मैल जोर लावू नये, आणि मग तेल बदलावं. नव्या दातांना सुरुवातीला जी उष्णता लागते तीच त्यांना मारते. भाचा पाचशे मैल कुरकुरत थांबला.

स्पीडोमीटरचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. या मस्टँगचा काटा गिअरबॉक्सच्या शेपटीकडून चालतो. त्याला मागे काय बदललं ते कळत नाही. २.७३ च्या जागी ३.७३ टाकून काट्याचा छोटा प्लास्टिकचा गिअर तसाच ठेवला तर गाडी ६० मैलांनी जात असताना काटा ८२ दाखवतो, आणि गाडी विकताना ओडोमीटरवर न चाललेले मैल दिसतात. तो गिअर काही डॉलरचा असतो, त्याच ऑर्डरमध्ये मागवावा.

तुमच्याकडे आत्ता काय आहे हे आधी तपासा. जुन्या गाडीचं हौसिंग मधल्या काळात कोणी उघडलं असेल, सांगता येत नाही. फोर्डच्या ८.८ च्या मागच्या झाकणाच्या बोल्टला पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर '३एल५५' असं काही असेल तर रेशो ३.५५ आणि मधला 'एल' लिमिटेड स्लिपचा. पट्टी गायब असेल, किंवा तिच्यावर विश्वास नसेल, तर मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना ओट लावा, शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. दोन्ही चाकं एकत्र फिरवत चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा. पावणेतीनच्या आसपास आला तर २.७३, पावणेचार आला तर ३.७३.

आणि पुढच्या वेळी घोळक्यात कोणी तुम्हाला "मागे ४.१० आहे" असं सांगितलं तर मान हलवण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा : पहिला गिअर किती, शेवटचा किती, टायर केवढे. तिन्हींची उत्तरं देता आली तर त्याचं पुढचं ऐका. नाही आली तर त्याच्या गाडीचं कौतुक करा आणि ऑर्डर मात्र स्वतःच्या वहीतला हिशेब बघून द्या. टी-५ असलेल्या, रोज हमरस्त्यावर जाणाऱ्या ५.० मस्टँगसाठी माझं उत्तर आजही ३.५५ आहे.